गुण पुढच्या पानावर

९ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, "चिडणं कमी करा आणि साखर कमी करा." मी म्हटलं, "डॉक्टर, दिवसभर माझ्या शेजारी बसून माणसं क्लच समजून ब्रेक दाबतात. मी चिडायचं नाही तर काय गाणं म्हणायचं?" तर म्हणाले, "मग घरी जाऊन लिहून काढा." म्हणून ही डायरी. दुकानदाराने पिवळ्या फुलांचं मुखपृष्ठ असलेली दिली. इथूनच चिडायला सुरुवात झाली.

असो. लिहायचं तर खरं लिहू. आमचं ड्रायव्हिंग स्कूल बुडायला आलंय. गाड्या दोन. एकीवर मी शिकवतो, दुसरीवर मास्तर. मास्तर म्हणजे माझ्याकडे कित्येक वर्षं असलेला दुसरा शिक्षक. उंच, मुखदुर्बळ, खिशात कायम टॉफ्या. विद्यार्थ्याला काही जमलं की एक टॉफी देतो. फोन आणि काउंटर आमची ही सांभाळते. विद्यार्थी येतात, एक धडा घेतात आणि गायब होतात. रस्त्यापलीकडे त्या चकचकीत माणसाने नवं स्कूल काढलंय, सगळे तिकडे जातात. गाडीत एसी, वर गोड बोलतो. गोड बोलून कुणाला रिव्हर्स आला आहे का आजवर?

मार्चअखेरपर्यंत विद्यार्थी वाढले नाहीत तर दुसरी गाडी विकावी लागेल आणि मास्तरला निरोप द्यावा लागेल. त्याला ते कुठल्या तोंडाने सांगू, मला कळत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आज बँकेतल्या कारकुनाचा पहिला धडा. सिग्नल हिरवा झाला तरी हा बसलाय आरशात बघत. मी फक्त म्हटलं, "अहो, गाडी काय पाळण्यात घालून झोपवायची आहे का?" जरा मोठ्याने म्हटलं असेन. उद्या येत नाही म्हणून संध्याकाळी फोन आला. कारण काय, तर पाठ दुखते.

हल्ली लोकांच्या पाठी फार दुखतात.

२१ जानेवारी, मंगळवार

घरात नवं संकट. हिने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारा राशींचं जाडजूड पुस्तक आणलंय. प्रत्येक राशीचे स्वभाव, दोष, गुण. सकाळी चहाबरोबर मला मोठ्याने वाचून दाखवते. माझी मेष.

"मेष. उतावळा. नाकावर राग. समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही—"

"हे काय भलतंच—"

"बघा, पुरं करू दिलं नाहीत."

मी म्हटलं, दोष झाले, आता गुण वाच. तर पुस्तक मिटून म्हणाली, "गुण पुढच्या पानावर आहेत. दूध उतू जाईल." आणि गेली आत.

हिची स्वतःची वृश्चिक. वृश्चिकेची माणसं मनातल्याचा थांगपत्ता लागू देत नाहीत म्हणे. काहीतरीच! इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या मनातलं मला सगळं कळतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मी हात टेकले. ही आता फोनवर विद्यार्थ्यांना जन्मतारीख आणि जन्मवेळ विचारते! आणि राशीवरून ठरवते, माझ्याकडे कोण आणि मास्तरकडे कोण.

"अगं, हे ड्रायव्हिंग स्कूल आहे की वधुवर सूचक मंडळ?"

"शिक्षक आणि विद्यार्थी यांचं जमायला नको? तुम्ही मेष. मास्तर वृषभ. वृषभ म्हणजे शांत, सोशिक, एकच गोष्ट दहादा सांगणारा. कर्क, मीन, कन्या ही हळवी माणसं, ती मास्तरकडे. सिंह, धनु तुमच्याकडे."

"का?"

"त्यांना उलट बोलता येतं."

मास्तरला म्हटलं, तू तरी समजाव. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी म्हणतात तर असेल, दादा." हा माणूस वृषभच असणार. बैलासारखा मान हलवतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज धनु राशीचा एक पेंटर आला. मी ओरडलो, "आरसा बघा!" तो माझ्याहून मोठ्याने ओरडला, "बघतोय!" तासभर आम्ही दोघं ओरडत होतो. मजा आली, हे इथे कबूल करतो. गाडीही बरी चालवली त्याने. उद्या येतो म्हणाला आणि पाठीबद्दल एक अक्षर नाही.

योगायोग, दुसरं काय!

हिने आता दुपारचा राशींचा वर्ग लावलाय. निवृत्त शिक्षिका आहेत कुणी, त्या घरी शिकवतात. जेवण झालं की ही निघते, दोन तासांनी येते, तोंड लाल, केस विस्कटलेले. मी म्हटलं, ग्रह काय पळवत होते का तुला? तर म्हणाली, "विषय अवघड आहे." डावी पोटरी दुखते म्हणून रात्री तेल चोळत बसली. राशी शिकताना पोटरी कशी दुखते, हे मला कोणी सांगावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिने लांबचा चष्मा केला. पुस्तक काय रस्त्यापलीकडे ठेवून वाचणार आहे? विचारलं तर म्हणाली, "वर्गात फळा लांब असतो."

मास्तरच्या गाडीत बसलो तर सीट पार पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला. एवढा ताडमाड माणूस, आखडून काय चालवतो? विचारलं तर खोकत राहिला. सर्दीवर औषध घे म्हटलं.

आणि हिच्या पर्समध्ये किल्ली शोधताना टॉफीचे कागद सापडले, चांगले मूठभर. राशींच्या वर्गात टॉफ्या वाटतात वाटतं. या वयात!

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिला घेऊन बाजारात गेलो. वळलो तर शेजारून आवाज, "इंडिकेटर दिला नाहीत." मी गाडी थांबवली. "काय म्हणालीस?" म्हणाली, "काही नाही. पुस्तकात आहे. मेषेची माणसं न सांगता वळतात."

हिला गाडीतलं काय कळतं! लग्नानंतर एकदा शिकवायला घेतली होती. बाजारातल्या चौकात मी काहीतरी साधंच बोललो, तर ही गाडी तिथेच सोडून चालत घरी गेली. तेव्हापासून हिने स्टिअरिंगला हात लावला नाही. तिचा तो पिंडच नाही. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याच्या बायकोला गाडी येत नाही म्हणून लोक हसतात. हसू देत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज मात्र मी हिला रंगेहाथ पकडलं.

जुळ्या बहिणी आल्या आहेत, दिसायला सारख्या, आवाजही सारखा. एक माझ्याकडे, एक मास्तरकडे. माझी ती सिंह म्हणे आणि मास्तरची मीन. मी हिला गाठलं. "अगं, दोघींचा जन्म एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात, पाव तासाच्या अंतराने. मग राशी दोन कशा? आणि सिंहेवरून एकदम मीन, मधल्या राशी कुठे गेल्या? पाव तासात चंद्र एवढ्या उड्या मारतो?"

हिने चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी चंद्र फार घाईत होता."

यावर माणसाने बोलावं तरी काय? म्हणजे हिच्या शास्त्राला हिचंच शास्त्र लागू नाही. एकच गोष्ट खटकते. सिंहवाल्या पोरीला मी रिव्हर्समध्ये झापलं तर ती खदखदून हसली आणि म्हणाली, "काका, तुमचा चेहरा आरशात बघा." दुसरीला परवा मी गाडीबाहेरून नुसतं "अगं, हँडब्रेक!" म्हटलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी.

मास्तरची गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेली. माझ्याकडे मोजकेच लोक. स्कूल कसंबसं उभं राहतंय, हे खरं. पण कुणाच्या जिवावर? माझ्याच स्कूलमध्ये मला अडगळीत टाकलंय, आणि तेही चंद्राच्या नावाने.

५ मार्च, बुधवार

फर्मान काढलं. राशी बंद. जे येतील ते आळीपाळीने, एक मला, एक मास्तरला. जन्मवेळ कोणी विचारायची नाही.

ही म्हणाली, "शिवणवाल्या बाई उद्या आहेत. त्यांना तरी मास्तरकडे राहू द्या. हात बसत आलाय त्यांचा."

"त्यांची रास?"

"तूळ. घाईत डावं-उजवं ठरवता येत नाही."

"ते मी ठरवून देईन."

हिने फोनशेजारची वही मिटली. मी म्हटलं, स्कूल माझं आहे. हिने वही माझ्यापुढे सरकवली आणि आत गेली. हिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त छळतं.

६ मार्च, गुरुवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. डॉक्टरांनी वाचलं तरी हरकत नाही.

शिवणवाल्या बाई वेळेवर आल्या. आरसे लावले, पट्टा लावला, गाडी उचलली. चांगली उचलली. मोठ्या चौकातल्या गोलाला पोचलो. मी म्हटलं, डावीकडून बाहेर. त्या उजवीकडे बघत पुढे गेल्या. मी म्हटलं, डावीकडे. त्या पुन्हा गोल फिरल्या. तिसऱ्या फेरीला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "डावं म्हणजे डावं हो! सुईत दोरा तरी कसा ओवता तुम्ही?"

बाईंनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक लावला. चारही दिवे लुकलुकते केले. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, आरशात मागचा रस्ता पाहिला, दार उघडलं आणि चालत्या झाल्या. किल्ली घेऊन. सगळं अगदी नियमाप्रमाणे, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी खिडकीतून "बाई, बाई" करत राहिलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

चौकात मी. गाडीवर आमच्याच स्कूलची मोठी पाटी. येणारा जाणारा भोंगा वाजवून जातोय, कुणी हसून. तो पलीकडचा चकचकीत विद्यार्थिनीला घेऊन शेजारून गेला आणि मला हात करून गेला. त्याच्या मागच्या सीटवर तो बँकेतला कारकून, आपल्या पाळीची वाट बघत. पाठ चांगली ताठ होती त्याची.

हिला फोन केला. "दुसरी किल्ली घेऊन मास्तरला पाठव."

"मास्तर दाताच्या डॉक्टरकडे गेलाय."

"मग टॅक्सी कर आणि तू ये."

"येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

बसलो वाट बघत. थोड्या वेळाने गोलाच्या पलीकडून आमचीच दुसरी गाडी येताना दिसली. म्हटलं, चला, मास्तर सापडला. गाडीने वेळेवर इंडिकेटर दिला, गोलात शिरण्याआधी थांबून उजवीकडच्यांना वाट दिली, फिरली, नेमकी बाहेर पडली आणि माझ्या मागे हातभर अंतर सोडून उभी राहिली. मी मनात म्हटलं, वा मास्तर.

दार उघडलं आणि ही उतरली. लांबचा चष्मा लावलेला. मी आत डोकावून पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती.

"कोणी आणली गाडी?"

"मी."

"कोणाबरोबर?"

"एकटी. लायसन्स आलंय मागच्या आठवड्यात."

एवढं बोलून तिने किल्ली माझ्या हातात दिली. मी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. चौकातल्या लोकांनी मला गप्प पाहिलं असेल तर ते त्यांचं भाग्य.

"मी पुढे होते," ही म्हणाली, "तुम्ही या मागून."

घरापर्यंत मी हिच्या मागे चालवत गेलो. एक चूक सापडावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होतो. वळणाआधी इंडिकेटर, शाळेसमोर वेग कमी, म्हाताऱ्या माणसाला रस्ता दिला. एक चूक सापडली नाही. का कुणास ठाऊक, शेवटच्या वळणावर समोरचं धूसर दिसायला लागलं.

७ मार्च, शुक्रवार

आज सकाळी चहाला पुस्तक नव्हतं. मीच विचारलं.

"राशींचा वर्ग खोटाच होता तर?"

"खोटा कशाला? आठवड्यातून एकदा होता. बाकीचे दिवस मास्तर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवायला आला असतात."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिने ते रागाने म्हटलं नाही. ऊन आहे म्हणून छत्री घेतली, इतक्या साधेपणाने म्हणाली. ते जास्त लागलं.

"आणि त्या जुळ्या? चंद्र?"

"चंद्राला मी कशाला मध्ये ओढू? फोनवर दोन मिनिटं बोललं की कळतं, कुणाला ओरडा सोसेल आणि कुणाला नाही. एक पोरगी फोनवरच माझी थट्टा करत होती. दुसरी चार वेळा 'चुकलं तर?' म्हणाली. आता मी तुम्हाला सरळ म्हटलं असतं की लोक तुमच्या ओरडण्यामुळे जातात, तर?"

मी काय म्हटलं असतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"राशी म्हटल्यावर तुम्ही चिडलात," ती म्हणाली, "पण पुस्तकावर चिडलात. माझ्यावर नाही. स्कूल राहिलं."

म्हणजे पाठी दुखत नव्हत्या. एकाचीही नाही. पलीकडच्या चकचकीताला मी दोन महिने शिव्या घालतोय, आणि त्या बिचाऱ्याने गोड बोलण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"तुझा विश्वास आहे का राशींवर?" मी विचारलं.

"थोडा. तुमच्यापुरता."

१० मार्च, सोमवार

शिवणवाल्या बाईंकडे किल्ली आणायला गेलो. ही म्हणाली मी आणते. मी म्हटलं नको, मी जातो.

लहानसं दुकान. बाई मशीनवर होत्या, गळ्यात टेप. मला पाहून मशीन थांबवलं नाही. मी उभा राहिलो. कापलेल्या कापडाचे तुकडे पायाखाली येऊ नयेत म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. शिवण पुरी झाल्यावर त्यांनी दोरा तोडला आणि खणातून किल्ली काढली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाशी पण ब्रेक असतो ना?"

"असतो."

"म्हणजे मी कितीही चुकले तरी गाडी तुमच्या हातातच होती."

"हो."

"मग ओरडलात कशाला?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. इतकी वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलोय आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं. "चुकलं माझं," म्हटलं. मान वर करून म्हटलं की खाली घालून, ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "गुरुवारी येते. पण वहिनींकडे शिकेन." मी म्हटलं, ही अजून शिकवत नाही. तर बाई म्हणाल्या, "शिकवतील. मी विचारलंय."

मला सोडून सगळ्या गावाला सगळं माहीत असतं.

१५ मार्च, शनिवार

आज मास्तरला सांगितलं की दुसरी गाडी विकत नाही. त्याने मान हलवली, नेहमीसारखी. मग पाठ फिरवून बराच वेळ काच पुसत बसला. काच स्वच्छच होती. त्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं आणि तरी रोज मला "दादा" म्हणत होता, याचा मला अजून राग आहे. जाईल हळूहळू.

ठरलंय असं. नवखे मास्तरकडे. बाकीच्यांना कोणाकडे धाडायचं ते ही फोनवर ठरवणार. शिकवण्याचा परवाना मिळाला की ही स्वतःही शिकवणार. माझ्याकडे पेंटरसारखे लोक आणि ज्यांना मोठ्या रस्त्याची धास्ती उरलेली नाही ते. राशी कोणी विचारायच्या नाहीत, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. हिला फोनवर काहीतरी विचारायला निमित्त लागतं, तर असू दे.

१६ मार्च, रविवार

ही म्हणाली, "चला, फिरून येऊ. मी चालवते. तुम्ही शेजारी."

शेजारी म्हणजे माझीच रोजची जागा. पण इतकं अवघड कधीच वाटलं नव्हतं. पाय ब्रेकपासून लांब घेतले, हात मांडीखाली घातले. पहिल्या वळणाला जीभ चावली. दुसऱ्या वळणाला बाहेरची झाडं बघितली. ही गुणगुणत चालवत होती. लग्न झाल्यापासून हिला गुणगुणताना मी फारसं ऐकलेलं नाही. की ती गुणगुणायची आणि मी बोलत असायचो, कोण जाणे.

मग पुलाचा चढ आला आणि बरोबर चढावर सिग्नल लाल. थांबलो. मागे गाड्यांची रांग लागली. सिग्नल हिरवा झाला, हिने क्लच सोडला, गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. जरा मागे घरंगळली. हिने ब्रेक दाबला. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून एक भोंगा. मग दोन. मग सगळेच. हिच्या कपाळावर घाम आला. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. मी ओळखलं, बाजारातल्या त्या चौकातही असंच आवळलं होतं. दाराच्या कडीकडे एकदा बघितलं तिने.

हाफ क्लच! हँडब्रेक! किती वेळा! सगळं जिभेवर आलं. डॉक्टर म्हणतात घरी जाऊन लिहा, पण ते घरापर्यंत थांबण्याजोगं नव्हतं. मी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकलो, मागे तोंड केलं आणि असलं नसलं सगळं बाहेर काढलं.

"अहो, थांबा की जरा! पुलावर काय आग लागली आहे का? माझी बायको गाडी चालवतेय! जमेल तेव्हा जाईल! ज्याला घाई आहे त्याने उडून जावं!"

भोंगे एकदम बंद झाले. सगळेच्या सगळे. मी आत आलो, काच वर केली आणि समोर बघत बसलो. हिने हँडब्रेक ओढला, क्लच अर्ध्यावर आणला, इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी सुळकन चढ चढून गेली.

पूल उतरल्यावर हिने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर देऊन. हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती.

"अहो," म्हणाली, "ते पुढचं पान आलं."

"कुठलं पान?"

तिने पर्स उघडली, आतून एक टॉफी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मास्तर देतो तशी, काही जमलं की.

साखर कमी करा, असंही डॉक्टर म्हणाले होते. मी तिथेच कागद सोडवला आणि खाल्ली.